जुन्या संगणकाकडून काम कसे घ्यावे



आज ज्या वस्तूविषयी मी तुमच्याशी बोलणार आहे, ती तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी, शाळेत, दूध संस्थेच्या कचेरीत किंवा ग्रामपंचायतीच्या एखाद्या कोपऱ्यात पडलेली असेल. तिच्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा नाहीतर प्लॅस्टिकचा कागद टाकलेला असेल. वर दोनचार रजिस्टरे आणि वर्गणीच्या पावतीपुस्तकांचा गठ्ठा ठेवलेला असेल. ही वस्तू म्हणजे दहा, बारा किंवा पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक. "चालतो का हो?" असे विचारले तर उत्तर मिळते, "चालतोय की, पण लई हळू. सुरू करून ठेवायचा आणि चहा पिऊन यायचं." आणि मग तो सुरू करायचाच राहून जातो.

अशा संगणकाकडून रोजचे काम घेता येते का, कोणते घ्यावे, कोणते घेऊ नये, आणि त्याला निरोप केव्हा द्यावा, एवढ्या चार गोष्टी मी आज सांगणार आहे. मी संगणकाचा पंडित नाही. आयुष्यभर खडू हाती धरलेला एक निवृत्त शिक्षक आहे. जे शिकलो ते चुकत चुकत शिकलो. तेव्हा पहिली चूक कोणती झाली, तीच आधी सांगतो.

कोल्हापूरच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला, जिथे पावसाळ्यात भिंतींनाही घाम फुटतो, अशा एका गावच्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो. शाळेला चार संगणक मिळाले होते. पहिली दोन वर्षे मुलांनी त्यांवर हात फिरवला. पुढे एक बंद पडला. दुसऱ्याची तारीख रोज मागे जाऊ लागली. उरलेले दोन इतके संथ झाले की तासाची घंटा आधी वाजे आणि संगणक मागाहून सुरू होई. एका वर्षअखेरीस डेडस्टॉक रजिस्टर पुरे करताना त्या चारांपुढे मी एकच शब्द लिहिला, 'निरुपयोगी', आणि खाली सही ठोकली. लिहिण्यापूर्वी एकाचेही बटण मी दाबून पाहिले नव्हते. चारही यंत्रे तांदळाच्या पोत्यांच्या खोलीत गेली.

मध्ये चार वर्षे गेली. एके दिवशी शाळेची एक जुनी विद्यार्थिनी आली. बारावी झालेली. म्हणाली, "सर, इंग्रजी टायपिंगची तीस शब्दांची परीक्षा द्यायचीय. क्लास तालुक्याला आहे. फी आबांनी कशीबशी भरली. पण सरावाला घरी काही नाही. शाळेतले ते कंप्युटर आहेत का अजून?"

मी म्हणालो, "आहेत, पण ते बाद झालेत गं."

तेव्हा ती म्हणाली, "सर, टायपिंगला त्यातलं लागतंय काय? दाबलेलं अक्षर उमटलं म्हणजे झालं."

श्रोतेहो, मला त्या रात्री नीट झोप आली नाही. चार वर्षांत किती मुले सातवी होऊन शाळेबाहेर पडली, त्यांतल्या बहुतेकांनी कळफलकाला बोटसुद्धा लावले नव्हते. आणि त्याला यंत्राचा मंदपणा जितका कारण होता, त्याहून अधिक माझी सही कारण होती.

गावात ऑइल इंजिने दुरुस्त करणारे एक वयस्क मिस्त्री होते. त्यांना संगणकातले काही कळत नव्हते, पण यंत्रातले सारे कळत होते. त्यांना मी पोत्यांच्या खोलीत नेले. ते म्हणाले, "मास्तर, इंजिन ओढंना झालं की दोन गोष्टी आधी बघायच्या. कचरा साठलाय का, आणि वझं वाढलंय का. ह्या दोन्ही बघितल्याबिगर मोडीत घालायचं बोलायचं न्हाई."

कोल्हापूरच्या माणसाला खरे तर हे सांगायला नको. आपले शिवाजी उद्यमनगर ऑइल इंजिनांवर आणि ओतकामावर नावाला आले. याच गावात बाबूराव पेंटर यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने सिनेमाचा कॅमेरा स्वतः जुळवला आणि १९२० साली 'सैरंध्री' हा चित्रपट पुरा केला. खरी कॉर्नरजवळचा कॅमेऱ्याचा स्तंभ आजही त्याची आठवण देतो. यंत्र उघडून पाहण्याचे भय ज्या गावाला कधी वाटले नाही, तिथे संगणकाची पेटी मात्र आपण देवाच्या पेटीसारखी बंद ठेवतो. हे बरे नव्हे.

तर आता मिस्त्रींच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू या. कचरा.

हा कचरा अगदी शब्दशः आहे. संगणकाच्या पेटीत एक किंवा दोन पंखे असतात. ते आतली उष्णता बाहेर फेकतात आणि त्याच वेळी बाहेरची धूळ आत ओढतात. खडूची भुकटी, गोण्यांचे तंतू, कोळिष्टके, सारे त्यात जाऊन बसते. मुख्य चिप तापली की ती स्वतःला जळण्यापासून वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते, किंवा यंत्र एकाएकी बंद पडते. म्हणून पहिले काम असे की वीजेची तार भिंतीतून काढावी, पेटीचे एका बाजूचे पत्र्याचे झाकण उघडावे, आणि कोरड्या मऊ ब्रशाने, रंगाचा नवा ब्रश चालतो, धूळ हलकेच झाडावी. पंख्याची पाती बोटाने धरून मग झाडावीत. ओले फडके आत घालू नये. दोन गोष्टी मात्र कधीही उघडू नयेत. एक, जिथे वीजेची तार लागते तो आतला पत्र्याचा बंद डबा. दुसरी, जुना फुगीर पाठीचा पडदा. तार काढली तरी या दोन्हींत विजेचा जबर साठा राहू शकतो.

झाडताना आत एक रुपयाएवढा चपटा, गोल सेल दिसेल. त्यावर 'सीआर २०३२' असे छापलेले असते. तो तीन व्होल्टचा असतो आणि संगणक बंद असताना आतले घड्याळ चालू ठेवतो. आमच्या ज्या यंत्राची तारीख रोज मागे जात होती, त्याचा आजार एवढाच होता. सेल संपला होता. घड्याळाच्या दुकानात तो थोड्या पैशांत मिळतो. तारीख चुकली की हजेरीपट, पत्रे, सगळ्यांवर चुकीची तारीख पडते. शिवाय इंटरनेटवरची सुरक्षित संकेतस्थळेही उघडत नाहीत, कारण ती पाहुण्याच्या हातातले घड्याळ पाहूनच दार उघडतात. एवढ्याशा सेलापायी यंत्र बाद ठरते. काय म्हणावे याला!

आता दुसरा प्रश्न, ओझ्याचा. हा नीट समजून घेण्यासारखा आहे.

पुष्कळांना वाटते की संगणक बैलासारखा म्हातारा होतो आणि त्याचा पाय मंदावतो. तसे सहसा होत नाही. पंधरा वर्षांपूर्वी त्याची चिप एका सेकंदात जितकी आकडेमोड करी, तितकी ती आजही करते. बदलते ते आपण तिच्यावर लादलेले ओझे. विंडोज एक्सपी ही प्रणाली २००१ साली आली, तेव्हा १२८ एमबी स्मृतीत ती चालू शके. विंडोज ११ ला निदान ४ जीबी लागतात, म्हणजे बत्तीसपट. गाडी तीच, बैलही तेच, आणि माल बत्तीसपट!

शिक्षकांना समजेल असा दाखला देतो. संगणकात दोन जागा असतात. एक स्मृती, जिला रॅम म्हणतात. ते तुमच्या पुढ्यातले टेबल समजा. दुसरी डिस्क. ते भिंतीलगतचे कपाट समजा. काम टेबलावर होते आणि वस्तू कपाटात राहतात. टेबल मोठे असेल तर वीस वह्या एकदम मांडून भराभर तपासता येतात. टेबल लहान असेल तर चार वह्या मांडायच्या, त्या कपाटात परत ठेवायच्या, दुसऱ्या चार आणायच्या. तपासणीपेक्षा येरझाऱ्याच जास्त होतात. संगणकाचा लाल किंवा पिवळा दिवा सारखा लुकलुकत असतो आणि पडद्यावर काही हालत नाही, तेव्हा त्याच्या या येरझाऱ्या चालू असतात. त्यातून जुन्या डिस्कमध्ये खरोखरीच एक तबकडी फिरत असते, मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे या वेगाने. हवा तो भाग सुईखाली येईपर्यंत थांबावे लागते.

म्हणजे संथपणाचे उपाय तीन. ओझे कमी करा, टेबल मोठे करा, किंवा कपाट जवळ आणा.

ओझे कमी करायला पैसा लागत नाही. संगणक सुरू होताना आपल्या नकळत दहापंधरा कार्यक्रम आपोआप सुरू होतात. त्यांतले नको ते बंद करावेत. दोन विषाणूरोधक कार्यक्रम एकत्र ठेवू नयेत. ते एकमेकांवरच पहारा करीत बसतात. एका वेळी एकच काम उघडावे. टेबल मोठे करणे म्हणजे रॅमची पट्टी वाढवणे. तालुक्याच्या दुकानांत जुन्या पट्ट्या मिळतात, मात्र आपल्या यंत्राला कोणत्या जातीची चालते ते आधी जुनी पट्टी नेऊन दाखवावे. कपाट जवळ आणणे म्हणजे फिरती डिस्क काढून एसएसडी बसवणे. तिच्यात फिरणारा भाग नसतो, त्यामुळे थांबणे जवळजवळ संपते. या एका बदलाने दहाबारा वर्षांच्या यंत्रात जो फरक पडतो, तो डोळ्यांनी पाहावा असा असतो. खरेदीआधी एक खूण तपासा. डिस्कला जोडलेली तार बोटभर रुंदीची असेल तर साधी एसएसडी बसते. दोन इंच रुंदीची, फितीसारखी चपटी तार असेल तर ते यंत्र फार जुने आहे. त्यावर अधिक खर्च न करणे बरे.

आणि चौथा उपाय म्हणजे हलकी प्रणाली. फिनलंडच्या हेलसिंकी शहरात लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एका विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स लिहायला घेतले. आज त्याच्या अनेक जाती आहेत. त्यांतल्या लुबुंटू, पपी, अँटीएक्स या हलक्या जाती जुन्या यंत्रांसाठी उपयोगी पडतात. त्या फुकट आहेत आणि कायदेशीरही आहेत. पपी तर पेनड्राइव्हवरूनही चालते, म्हणजे संगणकातले काही न पुसता आधी चाखून पाहता येते. केरळातल्या सरकारी शाळांतले संगणक कित्येक वर्षे लिनक्सवरच चालत आले आहेत. तिथली मुले त्यावाचून अडली नाहीत. मग आपली का अडावीत? एवढे मात्र ध्यानात ठेवावे की अतिजुन्या, म्हणजे ३२ बिटांच्या यंत्रांना लिनक्सच्याही पुष्कळ जाती आता सोडून चालल्या आहेत. निवडताना ते पाहून घ्यावे.

"इतके सारे करून त्या डबड्यात करायचं काय?" असे कोणी म्हणेल. म्हणून आता कामांविषयी बोलू.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' नावाचा संगणक चालू झाला. आपल्या देशात बांधलेल्या पहिल्या संगणकांपैकी तो एक. पुढे १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. त्याची सारी स्मृती २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या मापाने साधारण दहा केबी होती. त्यावर शास्त्रज्ञांनी संशोधनाची गणिते केली. आमच्या शाळेतल्या सर्वांत दुबळ्या संगणकाची स्मृती ५१२ एमबी होती. टिफ्रॅकच्या पन्नास हजार पटींहून अधिक! त्यावर तिसरी-चौथीचा निकालपट होणार नाही, असे मी चार वर्षे समजत होतो.

अक्षर आणि आकडा यांना जागा फार थोडी लागते. दोनशे पानांचे मराठी पुस्तक नुसते अक्षरांत साठवले, तर साधारण एक एमबी होते. म्हणजे ४० जीबीच्या जुन्या डिस्कमध्ये अशी चाळीस हजारांच्या आसपास पुस्तके मावतील. जागा आणि दम खातात ती चित्रे, आणि त्याहून अधिक हलती चित्रे. तेव्हा जुन्या संगणकाला अक्षरांचे व आकड्यांचे काम द्यावे. शाळेत निकालपत्रके, प्रश्नपत्रिका, ग्रंथालयाची नोंद, पाढे आणि टंकलेखनाचा सराव. संस्थेत सभेचे इतिवृत्त, सभासदांची यादी, जमाखर्च. घरी उसाच्या खेपांची नोंद, दुधाचा हिशेब, अर्ज, पत्रे. पुस्तकाचे पान वाचणे, ध्वनिमुद्रित कविता किंवा भाषण ऐकवणे, छपाई करणे, हेही तो आनंदाने करतो. या कामांसाठी लिबरऑफिस नावाचा फुकट संच पुरतो.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण यात पुष्कळांचे नुकसान झालेले आहे. जुन्या काळी निरनिराळ्या कंपन्यांचे मराठी फाँट होते आणि प्रत्येकाची अक्षरे बसवण्याची रीत वेगळी होती. त्या फाँटात लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये तसे होत नाही. तिथे जगातल्या प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक आहे. आपल्या 'क'चा क्रमांक २३२५. तो कोल्हापुरात २३२५ आणि कॅनडातही २३२५. म्हणून जुन्या यंत्रावरही लिहा ते युनिकोडमध्येच लिहा. इन्स्क्रिप्ट कळफलकात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. थोड्या दिवसांच्या सरावाने बोटे बसतात. जुन्या फाँटातले महत्त्वाचे कागद असतील, गावचा इतिहास, सभांची इतिवृत्ते, शाळेचे हस्तलिखित, तर ते युनिकोडमध्ये बदलून ठेवा. नाहीतर तुमच्या नातवाला त्यातले अक्षरही लागणार नाही. आणि ते जुने फाँट ज्या यंत्रावर अजून उघडतात, ते यंत्र बदल पुरा होईपर्यंत मोडीत घालू नका. हेही जुन्या यंत्राचे एक कामच नव्हे काय?

आता दुसरी बाजू. जुने यंत्र वापरायचे म्हणून प्रत्येक काम त्याच्याच गळ्यात घालू नये. याचा धडा आपल्या जिल्ह्यातच मिळालेला आहे. १९९८ साली वारणानगरला मोठा प्रयोग सुरू झाला. वारणेच्या सहकारी संस्थांच्या परिसरातली, कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली सुमारे सत्तर गावे संगणकाने जोडण्याची ती योजना. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि संस्था यांनी मिळून ती उभारली. शेतकऱ्याने गावातल्या केंद्रात जावे, तिथल्या संगणकावर उसाची नोंद करावी, तोडणीची चिठ्ठी घ्यावी, वजन आणि हिशेब पाहावा. वारणानगरचा हेलपाटा वाचावा. योजना नावाजली गेली; परदेशांतून लोक ती पाहायला आले.

काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी या केंद्रांचे काम तपासले. केंद्रांतले काम मुख्यतः थोडीशी माहिती इकडून तिकडे पाठवण्याचेच आहे, असे त्यांना दिसले. सभासदाचा क्रमांक, उसाचे वजन, खताची मागणी. एवढ्यासाठी वीज, टेलिफोनची तार आणि संगणकाची देखभाल हा सारा पसारा सांभाळावा लागत होता. त्यांनी सात गावांत आठ महिने तेच काम साध्या मोबाइलच्या लघुसंदेशावर चालवून पाहिले. ते स्वस्त पडले, सोयीचे झाले, आणि शेतकऱ्यांनाही अधिक आवडले. त्यांचा लेख २००७ साली बंगळूरच्या परिषदेत सादर झाला.

यावरून कोणी म्हणेल की संगणक फुकट गेले. मी तसे म्हणणार नाही. ऊस, काटा, चिठ्ठी आणि हिशेब ही माहिती एका सूत्रात आधी त्या संगणकांनीच गोवली, म्हणून पुढे तीच गोष्ट छोट्या यंत्रावर उतरवता आली. परंतु धडा घ्यायचा तो असा की, आधी काम काय आहे ते विचारा आणि मग त्याला पुरेल एवढेच यंत्र निवडा. दोन ओळींचा निरोप पाठवायला मोबाइल पुरतो. चाळीस मुलांचा निकालपट मोबाइलवर करू गेलात तर डोळे आणि अंगठे दोन्ही दुखतील. तिथे मोठा पडदा व कळफलक असलेला जुना संगणकच सरस.

धोकाही सांगितला पाहिजे. प्रणाली बनवणाऱ्या कंपन्या तिच्यातली भगदाडे ठरावीक काळापर्यंतच बुजवीत असतात. विंडोज एक्सपीची दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्यानंतर सापडलेले भगदाड उघडेच राहते. म्हणून ज्या यंत्राची दुरुस्ती थांबली आहे, त्यावर बँकेचा व्यवहार करू नये, आधारचा क्रमांक किंवा पासवर्ड टाकू नये. शक्य तर ते इंटरनेटला जोडूच नये. न जोडलेला संगणक म्हणजे विहीर नसलेले शेत, असे समजू नका. निकालपट, टंकलेखन, हिशेब यांना इंटरनेटचे पाणी लागत नाही. फक्त पेनड्राइव्हमधून विषाणू येतात, तेव्हा शाळेचा पेनड्राइव्ह वेगळा ठेवा. वरातीला नेल्यासारखा गावभर फिरवू नका. आणि जुनी डिस्क केव्हा दगा देईल याचा नेम नसतो. महत्त्वाच्या कामाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. निकालपटाचा तर कागदही काढून ठेवा.

विजेचाही हिशेब करा. फुगीर पडद्याचे जुने यंत्र सुमारे दोनशे वॅट वीज घेते असे धरले, तर पाच तासांना एक युनिट पडते. पडदा तेवढा बदलून चपटा घेतला तर बचत होते आणि डोळ्यांनाही बरे पडते. जिथे रोज दहा तास काम आहे तिथे जुने यंत्र महागच पडेल. जिथे दिवसाला तासदोन तास काम आहे, तिथे ते परवडते.

आणि शेवटी निरोप. आतील पाटीवरची भांडी फुगली असतील, जळका वास येत असेल, पेटीला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर हट्ट करू नका. पण निरोप देताना डिस्कमधली माहिती आधी काढून घ्या आणि पुसा. आणि संगणक साध्या भंगारवाल्याच्या हातगाडीवर घालू नका. फुगीर पडद्याच्या काचेत शिसे असते. तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळतात, तो धूर मुलांच्या छातीत जातो, आणि राख पावसाबरोबर ओढ्याला मिळते. त्या ओढ्याचे पाणी शेवटी पंचगंगेलाच जाते. केंद्र सरकारचे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणी असलेल्या संस्थेकडेच हा माल द्यावा. सरकारी शाळेची वस्तू असेल तर रीतसर परवानगी घ्या, शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करा आणि मगच हलवा.

आता आमच्या चार संगणकांचे काय झाले ते सांगतो. समितीपुढे मी माझी चूक सांगितली आणि दुरुस्तीचा ठराव करून घेतला. एक यंत्र खरोखरीच गेलेले होते. त्याची रॅमची पट्टी दुसऱ्याला घातली. तिसऱ्याच्या कळफलकाच्या सहा कळा उंदरांनी निकामी केल्या होत्या. त्याला चौथ्याचा कळफलक लावला. अशी दोन यंत्रे उभी राहिली. त्यांवर हलकी प्रणाली घातली. तरीही ती सुरू व्हायला दीड मिनिट लागते. मुले तेवढ्यात एक पाढा म्हणतात. वेळ फुकट जात नाही.

ती विद्यार्थिनी शाळा सुटल्यावर रोज तासभर येऊन बसू लागली. पहिल्या खेपेस ती परीक्षेत नापास झाली. मला वाटले, माझ्या जुन्या यंत्राने तिचा घात केला. ती म्हणाली, "न्हाई सर, मी घाबरले." दुसऱ्या खेपेस पास झाली. आज ती तालुक्याच्या गावी एका कचेरीत टंकलेखनाचे काम करते. तिच्यापुढचा संगणक नवा आहे, चांगला वेगवान आहे. पण बोटे शिकली ती पोत्यांच्या खोलीतून काढलेल्या कळफलकावर.

शिक्षक बंधुभगिनींनो, आणि गावोगावच्या संस्थांच्या कारभाऱ्यांनो, तुम्हाला एक विनंती. तुमच्या कोपऱ्यातल्या त्या यंत्रावरची रजिस्टरे उद्या उतरवा. धूळ झाडा, सेल बदला, बटण दाबा आणि घड्याळ लावून बसा. सुरू व्हायला किती वेळ लागतो तो कागदावर लिहा. मग त्या यंत्राला झेपेल असे एक काम, एकच काम, त्याला नेमून द्या. झेपले तर दुसरे द्या. न झेपले तर खुशाल 'निरुपयोगी' लिहा आणि सही करा. पण बटण दाबून पाहिल्यावर.